जावा : प्राग, म्हैसूर आणि आमचा गोठा

आमच्या धंद्यात ‘जावा’ म्हटलं की लोकांना आधी इंटरव्ह्यू आठवतो. त्यामुळे "सध्या विकांताला जावा करतोय" असं मी सांगितलं की समोरचा एकतर सहानुभूती दाखवतो, नाहीतर डेडलाईन कधीची आहे ते विचारतो. तर मंडळी, ही ती जावा नव्हे. ती जावा १९९५ साली जगासमोर आली आणि ही आपली जावा बनवणारा म्हैसूरचा कारखाना त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९६ साली, बंद पडला. एक जावा आली, एक गेली. दोघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण मला हा योगायोग फार आवडतो.

नावापासूनच सुरुवात करू, कारण नावातच अर्धा इतिहास आहे. फ्रांतिशेक यानेचेक नावाचा एक चेक इंजिनियर होता. पहिल्या महायुद्धानंतर नव्या चेकोस्लोव्हाकियात त्याने शस्त्रास्त्रांचा कारखाना चालवला. शांतता टिकू लागली तशी बंदुकांची मागणी घटली आणि हातात यंत्रं आणि कामगार तसेच राहिले. मग त्याने ठरवलं, मोटरसायकली बनवायच्या. जर्मनीतल्या वाँडरर कंपनीला तेव्हा मोटरसायकलचा धंदा गुंडाळायचा होता, त्यांच्या ५०० सीसी गाडीचे हक्क यानेचेकने घेतले. यानेचेकचा ‘जा’ (चेक उच्चार ‘या’, त्यामुळे तिकडे गाडीलाही ‘यावा’ म्हणतात) आणि वाँडररचा ‘वा’. झाली जावा. साल १९२९.

साल नीट बघा. त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी आली. पाचशे सीसीची, चेनऐवजी शाफ्टवर चालणारी महागडी गाडी घ्यायला कोण येणार? यानेचेकने मग जॉर्ज पॅचेट नावाचा एक इंग्रज डिझायनर कामावर घेतला आणि १९३२ साली व्हिलियर्सचं टू-स्ट्रोक इंजिन असलेली १७५ सीसीची हलकी, स्वस्त गाडी काढली. ती धडाक्याने खपली. म्हणजे जावा ‘साधी, स्वस्त, टू-स्ट्रोक’ झाली ती मंदीमुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिलं व्हर्जन फसलं आणि दुसऱ्याने कंपनी तारली.

पुढचा भाग तर सिनेमा काढण्यासारखा आहे. १९३९ मध्ये जर्मनांनी प्राग घेतलं. कारखाना जर्मन सैन्याच्या कामाला जुंपला गेला. १९४१ साली यानेचेक गेला. पण त्याच्या इंजिनियरांनी युद्ध संपल्यानंतरच्या गाडीचं काम गुपचूप चालू ठेवलं. पकडले गेले असते तर काय झालं असतं हे सांगायला नकोच. युद्ध संपलं आणि १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक २५० सीसीची गाडी उभी राहिली. तिने तिथे सुवर्णपदक मिळवलं. तिला ‘पेराक’ म्हणत. ‘पेरो’ म्हणजे स्प्रिंग, कारण मागच्या चाकालाही स्प्रिंगा होत्या. तोवर कारखाना सरकारजमा झाला होता. पुढे १९५४ मध्ये मागचं चाक झुलत्या फोर्कवर बसवलेली ‘किवाच्का’ आली. आपल्याकडे म्हाताऱ्या मंडळींना जी जावा आठवते, ती गोल पोटाची, मरून रंगाची, टाकीच्या कडेला क्रोम आणि गुडघ्यांना रबरी पॅड असलेली गाडी, ती ही. कागदोपत्री तिचं नाव टाईप ३५३.

आता ही गाडी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या आमच्या गावात कशी आली? म्हैसूरमार्गे.

स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला जावा थेट आयात होत असे. मग परकीय चलनाची टंचाई आली, पन्नाशीच्या दशकात सरकारने तयार गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं घातली आणि धोरण असं झालं की गाडी हवी तर इथे बनवा. मुंबईचे रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी मग चेक मंडळींशी करार केला आणि १९६० साली म्हैसूरला ‘आयडियल जावा’ स्थापन केली. म्हैसूरच का? तर म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार, जे तेव्हा त्या राज्याचे राज्यपालही होते, त्यांनी या प्रकल्पाला पाठिंबा दिला. १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या.

गंमत अशी की नेमक्या याच काळात आपल्या रस्त्यावरच्या सगळ्याच दुचाक्या कुणाच्या ना कुणाच्या परवान्यावर चालत होत्या. बुलेट इंग्रजांची. राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. बजाजची स्कूटर इटलीच्या व्हेस्पाची. करार संपला की एकतर दुकान बंद करायचं, नाहीतर तीच गाडी स्वतःच्या नावाने काढायची. बजाजने १९७१ मध्ये करार संपल्यावर ‘चेतक’ काढली. म्हैसूरवाल्यांनी सत्तरीच्या दशकात ‘येझदी’. इराणातलं यझ्द हे शहर ऐकलं असेल, पारशी-इराणी मंडळींचं मूळ गाव, तिथून हे नाव आलं. म्हणजे चेक-जर्मन नावाच्या जागी इराणी नाव, बनावट म्हैसूरची आणि चालवणारा आमच्याकडचा ऊसवाला. जागतिकीकरण १९९१ साली आलं म्हणतात, असो.

आमची गाडी १९६६ची. आजोबा साखर कारखान्याच्या शेती विभागात होते. कुठल्या गावात किती ऊस उभा आहे, तोडीला कधी येईल, हे बघत फिरायचं काम. त्या काळात नदीकाठच्या पायवाटांवर, गाळात, बैलगाडीच्या चाकोरीत जावा ज्या सहजतेने जायची तशी दुसरी गाडी जात नसे, असं काका सांगतात. काका तेव्हा सोळा वर्षांचे होते. ते याच गाडीवर शिकले, पुढे एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. १९८८ साली घरात हिरो होंडा आली आणि जावा गोठ्यात गेली. तिच्यावर आधी पोती पडली, मग कडबा, आणि मग सगळेच विसरले.

इथे मला थोडी घरगुती गोष्ट सांगावी लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आजोबा १९९४ साली गेले. त्यानंतर वाटण्या झाल्या. सगळ्या घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. जमिनीचे तुकडे झाले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, भांडीकुंडीसुद्धा लिहून घेतली गेली आणि बाबा आणि काका यांचं बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं. बाबा गेल्यावर तेही संपलं. पण वाटणीच्या कागदात जावाचा उल्लेखच नाही! कुणालाच नको होती. त्यामुळे आजही आरसी बुकावर आजोबांचं नाव आहे आणि कायद्याने पाहिलं तर आमच्या घरातली एकमेव न वाटली गेलेली वस्तू म्हणजे ही गाडी.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गाड्यांच्या दलालाने काकांना गाठलं. बरे पैसे देतो म्हणाला. काकांनी मला फोन केला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "तुझ्या बापाचा पण हिस्सा आहे त्यात. विकायची का?" मी म्हटलं, "काका, आधी चालू होते का बघू की." पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "शनिवारी ये. जुनी कापडं घालून ये."

गाडीची अवस्था काय सांगावी. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात गोठ्यात छातीएवढं पाणी होतं आणि गाडी दहा-बारा दिवस त्यात. पाणी ओसरलं, गाळ राहिला. किक दाबली तर हलत नव्हती. पिस्टन जाम. आता टू-स्ट्रोकचं थोडं समजावून सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ते इंजिन उघडलेलं नसतं. त्यात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमधली भोकं स्वतःच उघडतो आणि झाकतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर ढकललं जातं. म्हणून इंजिनाचं वंगणही वेगळं नसतं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. भाग कमी, बिघाड कमी. पण क्रँककेस हवाबंद राहिलीच पाहिजे. तिथल्या सीलमधून हवा शिरली की इंजिन चालूच होत नाही. आणि आमच्याकडे तर तिथे कृष्णेचा गाळ शिरला होता.

काकांनी प्लग काढून भोकात डिझेल ओतलं आणि म्हणाले, "चला, आता पुढच्या शनिवारी." मी पुण्याहून साडेचार तास गाडी हाकत आलो होतो! पण दुसरा इलाजच नव्हता. जोर लावला असता तर रिंगा तुटल्या असत्या. असे तीन आठवडे डिझेल पीत पीत एकदाचा पिस्टन हलला. मग हेड काढलं, सिलिंडर काढला, इंजिन चेसीवरून उतरवलं, केस फोडली. क्रँकचे बेअरिंग गेले होते, सील गेले होते, कनेक्टिंग रॉड मात्र शाबूत. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, त्यात गंजाचे खड्डे. तो कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेला. तिथे बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन बसवून घेतला. बाकी बारीकसारीक सामान पुण्यात नाना पेठेत हिंडून मिळवलं. येझदी १९९६ पर्यंत बनत होती आणि इंजिनाचा गाभा तोच राहिला होता, म्हणून पुष्कळ भाग अजून मिळतात. हा बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचा फायदा.

या गाडीतल्या एकेका कल्पनेला आजही सलाम ठोकावासा वाटतो. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, त्यामुळे अनेकांना ती डबल सिलिंडर वाटायची. किक आणि गिअरचा खटका एकच, आत दाबून फिरवला की किक, परत खाली आणला की गिअर. आणि तोच खटका गिअर टाकताना आतल्या आत क्लचही सोडवतो, म्हणजे हाताने क्लच न दाबता गिअर बदलता येतो. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे चिखल लागत नाही. चावी म्हणजे हेडलाईटवर खुपसायचा एक खिळाच. (तिच्या जागी खरा खिळाही चालायचा म्हणतात, चोरांनाही हे माहीत होतं.)

पण खरी अडचण भागांची नव्हतीच. अडचण अशी की काकांचा उजवा हात आता थरथरतो. पॉइंटमधली फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवायची, पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे. हे काम त्यांनी आयुष्यभर डोळे झाकून केलं, आता स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसत नाही. तेव्हा आमची पद्धत अशी ठरली की काका खुर्चीवर बसून सांगणार आणि मी करणार. "व्हिजिटिंग कार्ड घाल मधी. जरा अडकत सरकलं पायजे. आरं, ओढू नको, सरकव." हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी आपला सवयीप्रमाणे वही घेऊन सगळं टिपत गेलो. आमच्याकडे कुणी जुना माणूस नोकरी सोडायला लागला की महिनाभर नॉलेज ट्रान्स्फरच्या मीटिंगा होतात आणि त्यात काहीच ट्रान्स्फर होत नाही. इथे वर्ष गेलं, पण झालं. अधूनमधून बाबांचा विषयही निघायचा. समोरासमोर बसून तो कधीच निघाला नसता. दोघांचीही नजर कार्ब्युरेटरवर असली की माणूस बोलतो.

भांडण झालं ते रंगावरून. इंजिन झाल्यावर काकांना गाडी शोरूममधून आल्यासारखी हवी होती. नवं क्रोम, नवा मरून रंग, पांढऱ्या रेघा. मी जरा वाचन केलेलं. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये पहिल्यांदाच व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, पण चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क वीस हजार रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. रंग दिल्याने नियम मोडत नाही हे खरं, पण माझं म्हणणं होतं की टाकीवर जिथे आजोबांचे गुडघे घासून रंग गेलाय तो भाग तसाच राहू दे. तो पुन्हा आणता येणार नाही. काका म्हणाले, "म्हातारं झालं म्हणून अंघोळ घालायची नाही का?"

मला अजूनही यावर बिनतोड उत्तर सापडलेलं नाही. तुम्ही म्हणाल जुनं ते तसंच जपावं. पण आजोबा स्वतः ती गाडी दर दसऱ्याला चकचकीत करायचे, त्यांनी गंज कधीच जपला नसता. मग आजोबांची गाडी कुठली, त्यांनी ठेवली असती तशी, की त्यांच्यामागे आपण विसरलो म्हणून झाली तशी? शेवटी तह झाला. मडगार्ड आणि चेसी नव्याने रंगवली, कारण तिथे गंज थांबवणं भागच होतं. टाकी आतून साफ केली, बाहेरून नुसती पुसली.

जावा आपल्याकडून का गेली याबद्दल काकांचं आणि इतिहासाचं मत साधारण एकच आहे. १९८४-८५ पासून जपानी भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. त्यातल्या फोर-स्ट्रोक हिरो होंडाची जाहिरात आठवते? पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. अॅव्हरेज दुपटीच्या आसपास, ऑइल मिसळायची कटकट नाही. त्यानंतर १९९१ आणि १९९६ चे प्रदूषणाचे नियम आले आणि मोठ्या टू-स्ट्रोकना जगणं अवघड झालं. हे सगळं योग्यच झालं, टू-स्ट्रोकचा धूर काही वंदनीय नव्हता. फक्त त्या जाहिरातीतला ‘विसरून जा’ आपण जरा जास्तच मनावर घेतला. जावा तुम्हाला विसरू देत नसे. ती चालवायला ती थोडीफार दुरुस्त करता यावी लागायची, आणि ते शिकायला कुणाच्या तरी शेजारी बसावं लागायचं. आता २०१८ साली जावा नावाने आणि २०२२ साली येझदी नावाने नव्या गाड्या आल्या आहेत, रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी त्या उद्योगात आहेत. फोर-स्ट्रोक, बटणस्टार्ट. चांगल्या आहेत. काका बघून आले, म्हणाले, "झकास. पर हिला माझी गरज नाही."

गेल्या वर्षी मार्गशीर्षात गाडी सुरू झाली. सतराव्या किकला. गोठाभर निळसर धूर आणि काका मागे उभे राहून फक्त ऐकत होते. "मिक्स्चर जरा पातळ आहे," एवढंच बोलले.

सध्या दोन प्रश्न उरलेत. पहिला पेट्रोलचा. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. आणि हे इथेनॉल येतं कुठून? बऱ्यापैकी उसापासून. ज्या उसामागे आजोबा या गाडीवर आयुष्यभर फिरले, त्याचाच रस आता तिच्या नळ्या खातोय! तेव्हा कुणी जुनी गाडी जपत असाल तर पेट्रोलच्या नळ्या नव्या घाला आणि गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

दुसरा प्रश्न कागदांचा. आजोबांच्या नावावरून गाडी काढायची तर सगळ्या वारसांची संमती लागते. माझी आणि आईची सही झाली. काकांची झाली. धाकट्या आत्याने कुरिअरने कागद परत पाठवले. थोरली आत्या, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मिरजेला असते. वाटणीनंतर ती गावी आलेली नाही. मी कागद घेऊन गेलो तर तिने चहा दिला, कागद दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाली, "भाऊंच्या मागे बसून मी शाळेला जायची त्या गाडीवर. सही गावात येऊन करीन. तुझ्या काकाला सांग, मला नदीपर्यंत फिरवून आण म्हणावं."

काकांचा हात थरथरतो, त्यामुळे हँडल मलाच धरावं लागणार. पुढच्या रविवारी जायचं ठरलंय. काकांनी मागच्या सीटची स्प्रिंग बदलायला काढली आहे.